आली

गल्लीतल्या शेवटच्या घरात राहणाऱ्या फिटरांना कारखाना सोडून सहा वर्षं झाली होती, तरी त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे फिटरच म्हणत. त्यांच्या बायकोला फिटरीणबाई म्हणत, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. ज्या माणसानं अडतीस वर्षं यंत्रं उघडून पुन्हा बसवली आणि एकदाही हातात जास्तीचा स्क्रू उरू दिला नाही, त्याला दुसरं म्हणायचं तरी काय? ही स्क्रूची गोष्ट खुद्द फिटरच सांगत, आणि दर वर्षी तिच्यातल्या यंत्रांची संख्या वाढत असे.

आज मात्र ते स्वतःच्याच घराच्या मागच्या दाराशी हात मागे बांधून उभे होते, आणि त्यांच्या भिंतीला भोकं दुसराच माणूस पाडत होता. तो वायरमन होता. त्याला घेऊन आला होता फिटरांचा जावई. जावई वीज कंपनीत लाइनमन, खांबावर चढणारा. सध्या चढत नव्हता. उजव्या हाताला मनगटापर्यंत पट्टी होती आणि कंपनीनं त्याला तक्रारी लिहून घ्यायच्या खिडकीवर बसवलं होतं.

"मामा, तुम्ही बसा ना," जावई म्हणाला. सासऱ्याला तो मामा म्हणत असे.

"बसून बसून गंज चढलाय," फिटर म्हणाले. "उभा राहतो."

जावई हसला. खिडकीवर बसायला लागल्यापासून तो हसला की अर्ध्यावरच थांबत असे. फिटरांनी ते पाहिलं आणि नजर भिंतीकडे वळवली.

घरात जनरेटर होता तो फिटरीणबाईंसाठी. त्यांच्या फुप्फुसांनी चार वर्षांपूर्वी हात टेकले, तेव्हापासून पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन घुमत असे. त्याला लांबलचक नळी होती, त्या नळीच्या पल्ल्यात त्यांचं सगळं जग. पुढच्या खोलीतली खिडकी त्या पल्ल्यात येत होती म्हणून त्या दिवसभर खिडकीशी बसत. वीज गेली की मशीन किंचाळायला लागे. सिलिंडर होता, पण तो अडीनडीला. तेव्हा फिटरांनी एक छोटा, हँडलला धरून दोघांनी उचलता येईल असा जनरेटर आणला आणि मागच्या अंगणात, धूर खिडकीकडे येणार नाही अशा बेतानं, पत्र्याच्या छपराखाली ठेवला.

डॉक्टरांनी बाईंना सांगितलं होतं, श्वास जपून वापरा. बाईंनी ते मनावर घेतलं. एके काळी त्या बोलायला लागल्या की समोरच्याला हुं म्हणायलाही फट मिळत नसे. आता त्या एका शब्दात काम भागवत. पाणी हवं असलं तर "पाणी". फिटरांचा राग आला तर नुसतंच "अहो". आणि वीज परत आली की खिडकीतून समोरच्या घराच्या ओट्यावरचा दिवा लागलेला दिसे, तेव्हा त्या मागे ऐकू जाईल अशा बेतानं ओरडत, "आली!"

लाइट आली, असं पुरतं म्हणायला दोन शब्द लागतात. त्या एकच खर्च करत.

वायरमननं भिंतीवर पत्र्याची पेटी टेकवून पाहिली. पेटीला बाहेरून एक जाड काळं हँडल होतं. "हे बघा काका, याला आम्ही चेंजओव्हर म्हणतो. हँडल वर केलं की घराला लाइनीची वीज. खाली केलं की जनरेटरची. मध्ये ठेवलं की दोन्ही बंद. दोन्ही एकदम चालू करायचं म्हटलं तरी होत नाही. आत कातरीसारखी पाती आहेत, एकीकडून सुटल्याशिवाय दुसरीकडे टेकतच नाहीत."

"कळलं," फिटर म्हणाले. त्यांना ते वायरमनच्या आधीच कळलं होतं. पाती त्यांनी पेटी खोक्यातून काढतानाच वरखाली करून पाहिली होती, आणि मनातल्या मनात त्या पेटीच्या कारागिराला शाबासकी देऊन झाली होती.

"आत्तापर्यंत कसा जोडत होता जनरेटर घराला?" जावयानं विचारलं.

प्रश्न साधा होता. विचारणारा सहज विचारत होता.

"खिडकीतून वायर टाकायचो," फिटर म्हणाले. "थेट मशीनला. घराला नाही जोडत."

फिटर खोटं बोलले.

खरी गोष्ट अशी. फिटरांकडे एक वायर होती, दोन्ही टोकांना पिन असलेली. अशी वायर दुकानात मिळत नाही. कुणी शहाणा दुकानदार ती करूनही देत नाही. फिटरांनी ती स्वतः केली होती आणि तिचं नाव ठेवलं होतं दुतोंड्या. तिचं एक तोंड जनरेटरच्या सॉकेटात, दुसरं वॉशिंग मशीनच्या सॉकेटात. जनरेटर चालू केला की वीज त्या सॉकेटातून उलटी घरात शिरे आणि पंखे, दिवे, फ्रिज, बाईंचं मशीन, सगळं चालू होई. फक्त त्याआधी मधल्या खोलीतलं मेन बंद करायचं. नाहीतर ती वीज घरात थांबत नाही. मीटरमधून बाहेर पडते, खांबावर चढते, आणि लाइन बंद आहे असं समजून तिथं जो कुणी काम करत असेल त्याच्या हातात शिरते.

हे फिटरांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर त्यांनी मागच्या दाराशेजारी भिंतीवर खडूनं चार पायऱ्या लिहून ठेवल्या होत्या. एक, मेन बंद. दोन, वायर लावा. तीन, जनरेटर चालू. चार, लाइट आली की उलट क्रमानं. तीन वर्षं एकही पायरी चुकली नव्हती. जास्तीचा स्क्रू उरला नव्हता.

आणि मग एकवीस दिवसांपूर्वीची ती सकाळ. वारा सुटून चौकातल्या खांबाजवळची फांदी तारेवर पडली होती, वीज गेली होती, घर दुतोंड्यावर चाललं होतं. साडेअकराच्या सुमाराला पुढून बाईंचा आवाज आला, "आली!"

फिटरांनी जनरेटर बंद केला. वायर काढली. मधल्या खोलीत जाऊन मेन चालू केलं. सगळं उलट क्रमानं, शिस्तीत. पण पंखा फिरेना. पुढच्या खोलीत डोकावले तर दारात त्यांची लेक चपला काढत होती. तिचा नवरा चौकातल्या खांबावर काम करत होता म्हणून त्याला डबा देऊन ती आईला बघायला आली होती. ती आली होती. लाइट नव्हती आली.

"अगं, मला वाटलं लाइट!" फिटर म्हणाले. तिघंही हसली. बाईंना हसताना खोकला आला, आणि जनरेटर बंद झाल्यापासून मशीन किंचाळतच होतं. फिटर मागे धावले, दुतोंड्या खोचला, दोरी ओढली. जनरेटर सुरू झाला, पण बैलाला दुप्पट ओझं घातल्यासारखा कण्हला, आणि दोन-तीन सेकंदांत त्याचा खटका पडला. फिटरांच्या लक्षात आलं. पायरी पहिली. मेन चालूच होतं. त्यांनी आत जाऊन ते बंद केलं, पुन्हा जनरेटर सुरू केला, मशीन घुमायला लागलं, बाईंचा खोकला थांबला. मिनिटसुद्धा गेलं नसेल. लेकीनं विचारलं, "काय झालं हो बाबा?" "काही नाही," ते म्हणाले, "गारठला होता."

अर्ध्या तासानं चौकातून माणूस सांगत आला की तुमच्या जावयाला शॉक बसलाय.

पट्ट्यानं बांधलेला होता म्हणून खाली पडला नाही. तळवा भाजला, दोन बोटं आखडली, जीव वाचला. कंपनीच्या साहेबांनी चौकशी केली. त्यांची माणसं पोचली तेव्हा लाइन मेलेली होती. टेस्टर लावून लावून पाहिली, मेलेलीच. मग साहेबांनी निष्कर्ष काढला की लाइनमननं वर चढल्यावर टेस्टर लावलाच नाही, कुठल्या तरी चालू तारेला हात लावला असणार. तारा जमिनीशी जोडून ठेवायची साखळीही टाकलेली नव्हती. अख्ख्या विभागाला एकच साखळी होती आणि ती दुसऱ्या खांबावर गेली होती, हे साहेबांनी ऐकून घेतलं आणि लिहिलं नाही.

जावई पहिल्या दिवशी ठामपणे म्हणाला होता, मी टेस्टर लावला होता. चौथ्या दिवशी म्हणाला, लावला होता, मला आठवतंय. दहाव्या दिवशी तो बायकोला विचारायला लागला, "मी लावला असेन ना?" माणसाची आठवण ही अशी असते, दहा जणांनी नाही म्हटलं की ती स्वतःच्या मालकाला सोडून त्या दहा जणांकडे राहायला जाते. आता हात बरा होत आला होता, पण तो खांबाकडे बघत नव्हता. जो माणूस टेस्टर लावायला विसरतो त्यानं खांबावर चढू नये, असं तो स्वतःच म्हणत होता.

तो विसरला नव्हता, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं.

फिटर एकवीस दिवस हिशेब करत होते. सांगितलं तर लेक तोंड बघणार नाही. तिला ते ओळखून होते. तिच्या अंगात त्यांचाच हट्ट होता. न सांगितलं तर जावई खिडकीवर बसून सडणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्यांनी खडूच्या चार पायऱ्या ओल्या फडक्यानं पुसून टाकल्या आणि दुतोंड्या लपवला. प्रत्येक हत्याराला भिंतीत खिळा ठोकलेल्या त्या माणसानं ती वायर जास्तीच्या गादीच्या घडीत खुपसली. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण त्या खोलीत जाताना गादीकडे बघायचं नाही हे त्यांना रोज आठवावं लागे.

आणि चेंजओव्हर बसवायची कल्पना कुणाची? जावयाची. "कुणाच्या तरी घरातला जनरेटर असणार असं मला आधी वाटत होतं," तो मागच्या आठवड्यात म्हणाला होता. "आता तसं नाही वाटत. पण म्हटलं, निदान आपल्या घरचा तरी नीट जोडलेला असावा." आपल्या घरचा, म्हणाला. फिटरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

जावई मधल्या खोलीत मेनचं मोजमाप बघायला गेला तेव्हा वायरमन वॉशिंग मशीनच्या सॉकेटपाशी वाकला. सॉकेटचं तोंड काळवंडलं होतं, प्लास्टिक एका कडेला पिवळं पडून वितळलं होतं. त्यानं तिथून नजर उचलून भिंतीवरच्या पुसलेल्या ओरखड्यांकडे पाहिलं. खडू पुसला तरी भिंतीवर त्याची सावली राहते. "मेन बंद" एवढं अजून वाचता येत होतं.

"काका," तो हलक्या आवाजात म्हणाला, "मशीनला थेट वायर टाकत होता ना?"

फिटरांनी त्या अक्षरांवर तळवा टेकवला.

"मी पंधरा वर्षं हेच काम करतोय," वायरमन म्हणाला. "दहातल्या चार घरांत मला ती वायर मिळते. सगळे म्हणतात, आम्ही मेन बंद करतो हो, आम्ही विसरत नाही." त्यानं सॉकेटचे स्क्रू सैल केले. "हे सॉकेट बदलून टाकतो. जुनं इथंच ठेवू, की घेऊन जाऊ?"

"ठेव," फिटर म्हणाले.

काम दुपारी तीनपर्यंत चाललं. वायरमननं घरातल्या मोजक्याच जोडण्या चेंजओव्हरवर घेतल्या: बाईंचं मशीन, फ्रिज, दोन पंखे, चार दिवे. बाहेरच्या भिंतीत जनरेटरच्या वायरीसाठी एक झाकणाचं सॉकेट बसवलं. त्याच्यात पिना भिंतीकडे होत्या आणि वायरीच्या टोकाला भोकं, म्हणजे वायर सुटून लोंबली तरी उघडी पिन कुणाच्या हाताला लागायची नाही. फिटर ते बघत राहिले. एवढी साधी गोष्ट. अडतीस वर्षं हत्यारं हाताळलेल्या माणसाला ती सुचली नव्हती असं नाही. सुचली होती, पण दुतोंड्या अर्ध्या तासात तयार झाला होता आणि चालत होता. चालतंय ना, मग झालं. सगळ्या कारखान्यांत हेच वाक्य बोटं खातं.

शेवटी वायरमननं पेटीच्या वर एक छोटा लाल दिवा बसवला. "लाइनीची वीज आली की हा लागेल. आता पुढून कुणी ओरडायला नको."

"तिला ओरडायला आवडतं," फिटर म्हणाले.

मग चाचणी. जावई मधल्या खोलीत मेनपाशी उभा राहिला आणि त्यानं मेन बंद केलं. बाईंचं मशीन किंचाळलं. फिटरांनी दोरी ओढली, जनरेटर धडधडला, त्यांनी हँडल खाली केलं. खट्. मशीन घुमायला लागलं. कण्हणं नाही, काही नाही.

"मस्त!" आतून जावई ओरडला. "आता मामा, थोडा वेळ चालू द्या. मी मेन चालू केलं की तुमचा लाल दिवा लागेल. मग हँडल वर."

फिटर दिव्याकडे बघत उभे राहिले. वायरमन अवजारं गोळा करत होता. जनरेटरचा आवाज एका सुरात चालला होता.

"आली!" पुढून बाईंचा आवाज आला.

फिटरांचा हात वर गेला. खट्. हँडल लाइनीवर.

पंखे थांबले. मशीन किंचाळलं. जनरेटर मागे एकटाच, घराशी काही देणंघेणं नसल्यासारखा चालत राहिला.

"मामा, मी अजून मेन चालू केलंच नाही!" जावई हसत मागे आला. त्याच्यापाठोपाठ लेक, खांद्याला पर्स, कामावरून थेट आलेली. "ही आली, म्हणून आई ओरडल्या. तुम्ही दिव्याकडे न बघता कानानंच काम केलंत. पण बघा, काय झालं? नुसते पंखे थांबले. मेन चालू असतं तरी जनरेटरची वीज बाहेर गेली नसती. चूक झाली तरी खांबावरच्या माणसाला काही होत नाही. यासाठीच तर हे बसवलं."

डोळ्यांसमोर दिवा होता, विझलेला. पण तीन वर्षांची सवय कानाला होती. फिटरांनी हँडल खाली ओढलं. मशीन पुन्हा घुमायला लागलं. त्यांनी हात हँडलवरच ठेवला.

"त्या दिवशी पण अशीच आली होती," ते म्हणाले.

"कोण?" जावयानं विचारलं.

"ही."

कुणाला काही कळलं नाही. वायरमनला कळलं, तो अवजारांची पिशवी उचलून छपराखाली जाऊन उभा राहिला.

फिटर आत गेले. गादीची घडी उलगडली, दुतोंड्या काढला आणि बाहेर येऊन जावयाच्या धड हातात दिला. मग सांगितलं. काही लपवलं नाही आणि काही वाढवलंही नाही. यंत्राचा बिघाड सांगावा तसं क्रमानं सांगितलं. ही आली. मी लाइट समजलो. मेन चालू केलं. मशीन ओरडलं म्हणून धावलो. पहिली पायरी राहिली. जनरेटर कण्हला. दोन-तीन सेकंद.

जावई वायरीची एक पिन अंगठ्यानं दाबत होता.

"किती वाजता?" त्यानं विचारलं.

"ही आली तेव्हा."

"साडेअकरा," लेक म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "मी डबा देऊन सरळ इकडं आले होते."

"डबा दिलास तेव्हा मी खाली होतो," जावई हळूहळू म्हणाला. "मग वर गेलो. पट्टा लावला. टेस्टर काढला." तो थांबला. डोळे मिटून तो पुन्हा त्या खांबावर चढला असावा. "टेस्टर लावला. दिवा नाही लागला. मग तो खिशात ठेवला. मग हात लावला. म्हणजे मी लावला होता."



"मी टेस्टर लावला होता," तो बायकोकडे वळून म्हणाला. मग वायरमनकडे बघून म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याला त्याची लाज नव्हती. भाजलेल्या हाताची त्याला त्या क्षणी आठवणच नव्हती. आपलं डोकं आपल्याला परत मिळालं, याचाच आनंद त्याला मावत नव्हता, आणि फिटरांना तो आनंद शिव्यांपेक्षा जड गेला.

बाई नळी ओढत मागच्या दारापर्यंत आल्या होत्या. नळी तिथं ताणून संपली. "मी ओरडले," त्या म्हणाल्या.

"तू बरोबर ओरडलीस," फिटर म्हणाले. "ऐकणारा मी होतो."

लेकीनं बापाकडे पाहिलं. "एकवीस दिवस, बाबा," ती म्हणाली. "जेवताना यांचा घास थांबतो आणि मला विचारतात, मी लावला होता ना गं? मी काय सांगायचं? मी म्हणायचे, जाऊ दे, होतं असं माणसाकडून. मी यांना, यांच्या तोंडावर, म्हणायचे, होतं असं. आणि तुम्हाला माहीत होतं."

तू जाशील म्हणून नाही सांगितलं, हे खरं असलं तरी ते उत्तर नव्हतं.

"शिव्या नंतर देईन, मामा," जावई म्हणाला. "आधी हे लिहून द्या. वेळ घालून. साहेबाची केबिन पाचला बंद होते."

फिटर जेवणाच्या टेबलाशी बसले आणि त्यांनी कारखान्यातल्या बिघाडाच्या अहवालासारखं लिहिलं. यंत्र, दिवस, वेळ. कारण. सगळ्यात खाली त्यांनी लिहिलं, "पायरी क्रमांक एक माझ्याकडून राहिली," आणि सही केली. मग चपला घातल्या. जावयानं एका पिशवीत कागद, दुतोंड्या आणि ते काळवंडलेलं सॉकेट टाकलं आणि दोघं निघाले. लेक आईजवळ थांबली. ते परत येईपर्यंत ती निघून गेली होती.

पुढं जे व्हायचं ते रीतसर झालं. साहेबांनी आपला निष्कर्ष बदलला, म्हणजे आपला निष्कर्ष मुळात हाच होता असं लिहिलं. फिटरांच्या नावानं नोटीस आली, त्यांना दोनदा कार्यालयात जाऊन उभं राहावं लागलं, आणि ते उभे राहिले. विभागाला आणखी दोन साखळ्या मिळाल्या. दीड महिन्यानं जावई खांबावर चढला. दोन बोटं अजून पुरती मिटत नव्हती, पण टेस्टर धरायला तीन पुरतात, असं तो म्हणे. एकदा तो पेटीचं हँडल सैल झालंय का बघायला आला, स्क्रू आवळले, मामांनी दिलेलं पाणी प्यायला, आणि शिव्या न देताच गेला. शिव्या दिल्या असत्या तर फिटरांना बरं वाटलं असतं.

लेक आली नाही. ती आईला फोन करी, तोही फिटर भाजी आणायला जात त्या वेळी. बाई फोनवर ऐकत जास्त आणि बोलत कमी, श्वास जपून. फिटर घरी आले की त्या एका शब्दात सांगत, "बरीय." फिटर मान हलवत आणि भाजी निवडायला बसत. आपण मागितलेलं नाही तरी हे आपल्याला मिळायलाच हवं होतं, असं त्यांना वाटे, आणि त्यामुळे ते सोसणं सोपं होत नसे.

त्यांना एक नवी सवय लागली होती. वीज गेली की ते आधी जनरेटर चालू करत, हँडल खाली ओढत, बाईंचं मशीन घुमतंय ना बघत, आणि मग चौकापर्यंत चालत जाऊन खांबावर कुणी आहे का ते वर मान करून बघून येत. आता त्यांच्या घरातून खांबावर काही जाऊ शकत नव्हतं. तरी बघून येत. गल्लीतले लोक म्हणत, फिटरांचं वय झालं.

तिसऱ्या महिन्यातल्या एका दुपारी वीज गेली. फिटरांनी सगळं केलं आणि चौकात जाऊन आले. खांबावर जावई होता, साखळी तारेवरून खाली जमिनीपर्यंत लोंबत होती. त्यानं वरून हात केला. फिटरांनीही केला. घरी परत येऊन ते मागच्या दारापाशी, पेटीसमोर स्टूल टाकून बसले आणि जनरेटरचा एकसुरी आवाज ऐकता ऐकता त्यांचा डोळा लागायला आला.

"आली!" पुढून बाईंचा आवाज आला.

हात आपसूक उठला आणि हँडलला लागला. मग फिटर थांबले. त्यांनी वर पाहिलं.

लाल दिवा बंद होता.

त्यांनी आणखी एकदा पाहिलं. वाकून, काच बोटानं पुसून पाहिलं. दिवा बंद होता, लाइट आली नव्हती. पुढच्या खोलीत कुणीतरी चपला काढत होतं.

फिटरांनी हँडलवरचा हात काढला, पँटला पुसला, आणि ते पुढच्या खोलीकडे निघाले.